जुन्या आज्ञा, नवी अवजारे

हैदराबाद शहराच्या आग्नेय अंगाला, विजयवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या दुतर्फा दिलसुखनगरची वस्ती पसरली आहे. २०१८ सालापासून या रस्त्यावर मेट्रो धावू लागली. तिच्या खांबांच्या दोन्ही अंगांना ज्या इमारती आहेत त्यांवर जितक्या खिडक्या तितक्याच पाट्या दिसतात. बहुतेक पाट्या शिकवणीवर्गांच्या. स्पर्धापरीक्षा, बँकेच्या परीक्षा, इंग्रजी संभाषण, आणि या सर्वांच्या जोडीला संगणकाचे नानाविध अभ्यासक्रम. मागच्या गल्ल्यांतून विद्यार्थ्यांची खाजगी वसतिगृहे आहेत. नांदेड, देगलूर, उदगीर या बाजूच्या घरांना मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडते. एकेकाळी हा सारा मुलूख एकाच संस्थानात नांदत होता. १९५६ च्या प्रांतरचनेने सीमा बदलल्या, परंतु शिक्षणासाठी आणि पोटासाठी होणारी ये-जा त्यामुळे थांबली नाही. काचीगुड्याच्या स्थानकावर उतरून बाडबिस्तरा घेऊन दिलसुखनगरला येणारा एखादा मराठी मुलगा आजही तेथे अनोळखी वाटत नाही.

अशा एखाद्या वर्गातील सोमवारची सकाळ डोळ्यांपुढे आणावी. रविवारी कोणीतरी यंत्रशाळेतील संगणक अद्ययावत केले आहेत. जुनी कार्यप्रणाली गेली आणि नवी आली. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा सर्व कारभार पाहणारी मूळ व्यवस्था, जिला सर्वजण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मुलगा यंत्रापुढे बसतो, वही उघडतो आणि शिक्षकांनी गेल्या महिन्यात फळ्यावर लिहून दिलेली आज्ञा अक्षरशः तशीच उतरवतो. यंत्र उत्तर देते, की अशी आज्ञा अस्तित्वातच नाही. वहीत चूक नाही, मुलाच्या बोटांत चूक नाही, आणि शिक्षकांनी शिकवले तेही शिकवले त्या दिवशी बरोबरच होते. शनिवारी खरे असलेले सोमवारी खोटे कसे झाले, हा त्या मुलाचा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. संगणकशास्त्रातील मोठमोठ्या जाणत्यांची या प्रश्नावरून अनेक वर्षे हमरीतुमरी झालेली आहे.

कार्यप्रणाली विकत वा फुकट मिळते तेव्हा ती एकटी येत नाही. नव्या संसारात तवा, पोळपाट, विळी हे जसे बरोबर येतातच, तशी तिच्या सोबत लहान लहान शेकडो अवजारे येतात. एक अवजार यादीचा क्रम लावून देते, दुसरे लांबलचक मजकुराच्या पहिल्या काही ओळी काढून दाखवते, तिसरे शेवटच्या ओळी दाखवते, चौथे एखादा शब्द कोठे आला आहे ते शोधते, पाचवे दिनांक सांगते. युनिक्स नावाची कार्यप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मास आली, आणि लहान अवजारे एकमेकांस जोडून मोठे काम उरकावे ही तिची शिकवण. सॉर्ट, हेड, टेल, ग्रेप, डेट ही त्या अवजारांची नावे. आज लिनक्स आणि मॅक यांच्या पोटात जी अवजारे आहेत ती याच घराण्यातील होत.

ही अवजारे माणूस हाताने वापरतो त्याहून कितीतरी अधिक वेळा ती यंत्राकडून यंत्रावर वापरली जातात. एकामागून एक करावयाच्या आज्ञांची यादी कोणीतरी एकदा लिहून ठेवतो. तिला स्क्रिप्ट म्हणतात. मग रात्री दोन वाजता, कोणी जागे नसताना, यंत्र ती यादी वाचून हिशेब जुळवते, नकला काढून ठेवते, जुन्या फायली पुसते. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. यादी मात्र चालूच असते. अवजार बदलणाऱ्याला ती यादी दिसत नाही. आपल्या अवजारावर कोणी कोठे काय उभारले आहे हे त्याला कळण्याचा काही मार्गच नाही, आणि साऱ्या अडचणीचे मूळ येथे आहे.

अवजार नवे करताना जुन्या आज्ञाही पूर्वीच्याच अर्थाने चालू ठेवाव्यात, या गुणाला जुन्याशी जुळते राहणे असे सोप्या मराठीत म्हणता येईल. हैदराबादकरांना आणि मराठवाड्यातील वृद्धांना ही गोष्ट संगणकाशिवायही परिचित आहे. निजामाच्या राज्याचे नाणे वेगळे होते. त्याला हाली म्हणत, आणि इंग्रजी राज्यातील रुपयाला कलदार. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० साली भारतीय रुपया हाली सिक्क्याच्या बरोबरीने चालू झाला आणि सात हाली रुपये म्हणजे सहा भारतीय रुपये असा भाव ठरला. एका रात्रीत हाली रद्द केला असता तर बाजारात उद्या काय घ्यावे-द्यावे हेच कळेनासे झाले असते. म्हणून काही वर्षे दोन्ही नाणी चालली. व्यापाऱ्याला दोन हिशेब ठेवण्याचा त्रास झाला, पण कोणाची पुंजी मातीमोल झाली नाही.

याहून मार्मिक उदाहरण त्यानंतरच्या दशमान पद्धतीचे आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर भाग झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. म्हणजे पैसा हा शब्द जुनाच, परंतु अर्थ बदलला. सरकारने त्या नाण्यावर नुसते पैसा असे न लिहिता नवा पैसा असे लिहिले. ते विशेषण १ जून १९६४ पर्यंत सात वर्षे नाण्यासोबत राहिले, आणि लोकांच्या बोटांना नव्या हिशेबाची सवय झाल्यावरच गळून पडले. त्या काळी पोस्टात आणि दुकानांत तक्ते टांगलेले असत: एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस, चार आणे म्हणजे पंचवीस. तक्ता नीट पाहिला तर मध्ये कोठेतरी पाव-अर्धा पैसा हरवतो. असे बदल कितीही सांभाळून केले तरी थोडे खरकटे उरतेच. असो.

शब्द तोच आणि अर्थ नवा, हा प्रकार दिलसुखनगरच्या यंत्रशाळेत जसाच्या तसा घडला आहे. पायथन नावाची एक संगणकभाषा आहे; नवशिक्यांना ती पहिल्याप्रथम शिकवतात. डिसेंबर २००८ मध्ये तिची तिसरी आवृत्ती निघाली आणि तिने दुसऱ्या आवृत्तीशी असलेले नाते अनेक ठिकाणी जाणूनबुजून तोडले. पडद्यावर काही छापण्याची जी साधी आज्ञा होती तिला आता कंस द्यावे लागू लागले. हा बदल तसा निरुपद्रवी, कारण कंस नसले की यंत्र लगेच ओरडते. परंतु भागाकाराचाही अर्थ बदलला. दुसऱ्या आवृत्तीत पाचाला दोनाने भागले तर उत्तर दोन येई, बाकी टाकून दिली जाई. तिसऱ्या आवृत्तीत उत्तर अडीच येते. अडीच हे गणिताच्या दृष्टीने अधिक शहाणे उत्तर आहे यात संशय नाही. पण एखाद्या शाळेत सहा विषयांच्या गुणांची सरासरी काढून क्रमांक लावणारी जुनी स्क्रिप्ट चालू असेल तर काय होईल ते पाहावे. एका विद्यार्थ्याचे ४३७ गुण, दुसऱ्याचे ४३३. जुन्या हिशेबाने दोघांचीही सरासरी ७२, म्हणून दोघांचा क्रमांक एक. नव्या हिशेबाने एकाची ७२.८३ आणि दुसऱ्याची ७२.१७, एक पुढे गेला, दुसरा मागे पडला. यंत्राने कोठेही चूक दाखवलेली नाही. गुणपत्रके छापून वाटूनही झाली. गेल्या वर्षीचा नियम आणि या वर्षीचा नियम वेगळा झाला, आणि तो नियम कोणत्याही शिक्षकसभेने बदललेला नाही!

यावरून चुकांचे दोन वर्ग करता येतात: ओरडणारी चूक आणि मुकी चूक. आज्ञा मोडीत निघाली आणि यंत्राने ती नाकारली, तर काम थांबते, माणूस वैतागतो, परंतु काय बिघडले ते त्याला कळते. आज्ञा स्वीकारली गेली आणि तिचा अर्थ मात्र निराळा झाला, तर काम सुरळीत चालल्यासारखे वाटते आणि बिघाड दुसरीकडेच, पुष्कळ दिवसांनी, भलत्याच माणसाच्या पदरात पडतो. अवजार बदलणाऱ्यांनी पहिल्या प्रकारची चूक शक्यतो टाळावी. दुसरीला तर क्षमाच नसावी.

मुक्या चुकीचे अगदी अलीकडचे उदाहरण ऑक्टोबर २०२५ मधील आहे. उबुंटू ही लिनक्सची लोकप्रिय आवृत्ती. शिकवणीवर्गांतूनही ती पुष्कळदा दिसते. तिच्या त्या महिन्यात निघालेल्या आवृत्तीत कित्येक वर्षांची जुनी अवजारे काढून तीच अवजारे रस्ट नावाच्या नव्या भाषेत पुन्हा लिहून बसवण्यात आली. हेतू स्तुत्यच होता, कारण या भाषेत लिहिलेल्या कार्यक्रमांत स्मृतीच्या गोंधळातून उद्भवणारे धोके कमी असतात. त्यांपैकी दिनांक सांगणाऱ्या डेट या अवजाराला, अमुक फाइल शेवटी केव्हा बदलली ते सांग, असे विचारण्याची एक जुनी सोय आहे. नवे अवजार हा प्रश्न ऐकून घेई, नकार देत नसे, आणि फाइलची वेळ सांगण्याऐवजी चालू क्षणाची वेळ सांगे. आता, नव्या दुरुस्त्या आल्या आहेत का हे आपोआप तपासणारी जी यंत्रणा होती ती याच उत्तरावर विसंबून होती. मागची तपासणी केव्हा झाली, असे तिने विचारावे. आत्ताच झाली, असे उत्तर मिळावे. मग पुन्हा तपासण्याचे कारण उरत नाही. परिणामी काही संगणकांवर दुरुस्त्यांची आपोआप तपासणीच बंद पडली. हाताने तपासणी केली तर ती होत होती, म्हणून रोगाचा उपाय पोचवता आला. तथापि दुरुस्ती आणणारा हरकाराच दुरुस्तीला आलेला असावा, हा योग विलक्षण खरा.

ओरडणाऱ्या चुकीचेही एक प्रकरण सांगण्यासारखे आहे. या सर्व अवजारांनी कसे वागावे याविषयी पॉझिक्स नावाचे एक प्रमाणपत्रक आहे. जुन्या युनिक्समध्ये टेल या अवजाराला अधिक दहा असे सांगितले, की ते दहाव्या ओळीपासून पुढचा सर्व मजकूर दाखवी. सॉर्टला अधिक एक असे सांगितले, की पहिला रकाना सोडून दुसऱ्या रकान्यावरून क्रम लागे. पुढे प्रमाणकारांच्या ध्यानात आले, की एखाद्याने आपल्या फाइलचे नावच अधिक दहा असे ठेवले तर गोंधळ होईल. म्हणून नवी, निःसंदिग्ध लेखनपद्धती ठरली आणि २००१ च्या पत्रकाने जुनी पद्धती काढून टाकली. तर्काला ते धरून होते. पण अधिक दहा या नावाची फाइल जगात किती जणांजवळ असेल, आणि जुन्या पद्धतीने लिहिलेल्या स्क्रिप्ट किती जणांजवळ असतील, याचा विचार तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पुरेसा पडला नाही असे म्हणावे लागते. २००३ च्या सुमारास लिनक्सवरील अवजारांनी नव्या पत्रकाचे पालन आरंभले, तेव्हा पहिली ओळ दाखव या अर्थाची हेडची अत्यंत रुळलेली आज्ञाही, ही पद्धत आता कालबाह्य आहे, असे सांगून नाकारली जाऊ लागली. गावोगावच्या स्क्रिप्ट अडखळल्या. टेलने तर आणखी मजा केली. ते अधिक दहा नावाची फाइल शोधी, सापडली नाही म्हणून तक्रार करी, आणि मग खऱ्या फाइलच्या शेवटच्या दहा ओळी दाखवून मोकळे होई. तक्रार ज्याने वाचली नाही त्याला दहाव्या ओळीपासूनच्या मजकुराऐवजी शेवटच्या दहा ओळी मिळाल्या.

या अनुभवातून दोन पळवाटा निघाल्या. अवजारांच्या कर्त्यांनी, जेथे संदिग्धता नाही तेथे जुनी आज्ञा पुन्हा मान्य केली. शिवाय एक कळ ठेवली: माझ्या स्क्रिप्ट १९९२ च्या पत्रकाप्रमाणे वाच, असे वापरणाऱ्याने एका ओळीत सांगितले, की अवजारे जुन्या रीतीने वागतात. सोलारिस या कार्यप्रणालीने याआधीच वेगळा मार्ग धरला होता. तिने जुनी अवजारे जुन्या जागी जशीच्या तशी ठेवली आणि नव्या प्रमाणाची अवजारे शेजारच्या वेगळ्या कपाटात ठेवली. ज्याला जी हवीत त्याने ती घ्यावीत. हाली आणि कलदार यांचाच हा न्याय. पायथनच्या बाबतीत नव्या पैशाचा न्याय लागला. नुसते पायथन हे नाव दुसऱ्या आवृत्तीपुरते राहू द्यावे आणि तिसरीला पायथन तीन म्हणावे, असा संकेत बऱ्याच लोकांनी पाळला. आर्च नावाच्या लिनक्सने मात्र २०१० सालीच नुसते नाव नव्या आवृत्तीला देऊन टाकले, आणि त्या नावावर विसंबलेल्या जुन्या स्क्रिप्ट तेथे कोसळल्या. पायथन दोनची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये निघालेल्या उबुंटूने ते नुसते नाव कोणालाच दिले नाही, रिकामेच ठेवले. ज्याला ते नव्या अर्थाने हवे त्याने तसे मुद्दाम मागून घ्यावे. दिलसुखनगरच्या त्या मुलाला सोमवारी जो नकार मिळाला तो बहुधा हाच होय. तो नकार खटकणारा असला तरी प्रामाणिक होता. चुकीच्या पायथनने त्याचे काम गुपचूप निराळे करून दिले असते, तर ते अधिक वाईट झाले असते.

जुन्याचा मान राखण्याच्या हव्यासापायी जगाला किती काळ किंमत मोजावी लागते याची एक मौजेची गोष्ट आहे. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक नावाचे अवजार लिहिले. त्यात काही ओळींच्या आरंभी टॅबची कळ दाबावीच लागते. साधी मोकळी जागा सोडली तर चालत नाही, आणि डोळ्यांना तर दोन्ही सारखेच दिसते. ही रचना गैरसोयीची आहे हे कर्त्याच्या लवकरच ध्यानात आले. पण तोवर सुमारे डझनभर लोक ते अवजार वापरू लागले होते, आणि त्यांना त्रास नको म्हणून त्याने ती तशीच राहू दिली. त्या डझनभरांच्या सोयीखातर पन्नास वर्षे होत आली तरी जगभरचे विद्यार्थी टॅब आणि मोकळी जागा यांच्या घोटाळ्यात डोके खाजवीत आहेत. तेव्हा बदल करावयाचा तर तो बारा माणसे असताना करावा. बारा लाख झाल्यावर नव्हे.

उलट बाजूही तितक्याच निष्ठेने सांगितली पाहिजे. जुने सर्वच जपावे असे म्हटले तर घर अडगळीने भरते, आणि कधीकधी त्या अडगळीत साप निघतो. सी या भाषेत वापरणाऱ्याने टंकलेली ओळ वाचून घेणारी गेट्स नावाची एक सोय होती. किती अक्षरे घ्यावयाची याची मर्यादा तिला ठाऊक नसे. पेला भरला तरी ती ओततच राही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या किड्याने हीच फट धरून तत्कालीन इंटरनेटवरील हजारो संगणक जायबंदी केले. असे असूनही ती सोय भाषेच्या प्रमाणातून काढून टाकायला २०११ साल उजाडावे लागले, कारण तिच्यावर विसंबलेले जुने कार्यक्रम अगणित होते. अशा जागी जुन्याशी फारकत घेणे हेच कर्तव्य ठरते.

आणि येथे आपल्याकडील शिकवणीवर्गांचे एक मोठे वैगुण्य सांगणे भाग आहे. १९९० च्या सुमाराचे टर्बो सी नावाचे अवजार भारतातील पुष्कळ महाविद्यालयांत आणि शिकवणीवर्गांत त्यानंतर दोन-तीन दशके चालत राहिले. ते डॉसच्या काळातील. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ते मुळी चालतच नाही. म्हणून डॉसबॉक्स नावाचा नकली जुना संगणक खऱ्या नव्या संगणकाच्या पोटात उभा करून त्यात टर्बो सी चालवण्याची प्रथा पडली. निळा पडदा, पिवळी अक्षरे, पडदा पुसण्याची ती खास आज्ञा, सारे जसेच्या तसे. युक्ती नामी होती यात वाद नाही. जुने कामाचे कार्यक्रम जिवंत ठेवण्यास ती आजही उत्तम आहे. पण शिकवण्यासाठी तिचा आश्रय घेतला, की जुन्याशी जुळते राहण्याचा सारा भार विद्यार्थ्याच्या डोक्यावर येतो. ज्या सोयी आता कोठेच चालत नाहीत त्या तो पाठ करतो, परीक्षेत लिहितो, गुणही मिळवतो, आणि नोकरीच्या मुलाखतीत नवे अवजार त्याचा पहिलाच कार्यक्रम नाकारते. आईबापांनी शेतीच्या उत्पन्नातून शुल्क भरलेले असते. अभ्यासक्रम बदलायचा तर प्रश्नपत्रिका, पुस्तके आणि शिक्षकांच्या वह्या हे तिन्ही बदलावे लागते. कोणी तो त्रास घेतला नाही म्हणून त्या मुलाने घ्यावा, हा न्याय नव्हे.

मोठ्या कंपन्याही कधीकधी यातून अंग काढून घेतात. मॅकमध्ये येणारे बॅश हे अवजार एका जुन्या आवृत्तीवर थांबले, कारण पुढच्या आवृत्त्यांचा परवाना कंपनीला मान्य नव्हता. २०१९ मध्ये नव्या वापरणाऱ्यांसाठी त्याच्या जागी झेडएसएच हे दुसरे अवजार मुख्य केले गेले, जुने बॅश मात्र कोपऱ्यात राहिले. तेथील पायथन दोनही २०२२ साली काढले गेले. तशी पूर्वसूचना काही वर्षे आधी दिलेली होती. सूचना वाचतो कोण, हा प्रश्न निराळा. सूचनेचेही एक शास्त्रच आहे म्हणा. शब्द शोधणाऱ्या ग्रेपचे ईग्रेप म्हणून एक भावंड १९७९ पासून चालत आले आहे. २०२२ मध्ये ते वापरताच, हे नाव आता कालबाह्य होत आहे, अशी एक ओळ पडद्यावर उमटू लागली. उत्तरात काहीच फरक नव्हता. पण ज्या स्क्रिप्ट पडद्यावरील प्रत्येक जादा ओळीला संकट समजत, त्या त्या सौम्य इशाऱ्यानेच अडल्या.

ही सर्व चर्चा परक्या आज्ञांविषयी झाली. मराठी लिहिणाऱ्याच्या थेट बोटांखालीही हेच नाट्य घडले आहे. आचार्यांना दक्षिणा द्यावी आणि आचाऱ्यांना मजुरी द्यावी, या वाक्यातील दोन शब्दांत फरक आहे तो केवळ र च्या रूपाचा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा र. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातील खोल जागा. हिंदीला हा आडवा र लागत नाही. मराठीला त्यावाचून चालत नाही. जगातील सर्व लिप्यांना संगणकात स्थान देणाऱ्या युनिकोडमध्ये या र साठी आरंभी र, पायमोडके चिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह अशी रचना होती. नंतर नुक्त्याचा ऱ आणि पायमोडके चिन्ह अशी दुसरी रचना पुरस्कारली गेली. पहिली मात्र १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळते राहावे म्हणून कायम ठेवली. युनिकोडचा दंडकच असा आहे, की एकदा दिलेले स्थान परत घ्यावयाचे नाही. त्यामुळे जुना मजकूर आजही शुद्ध दिसतो. प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा टंक विंडोजबरोबर येऊ लागल्यावर ज्यांनी मराठी टंकले, त्यांचे श्रम वाया गेले नाहीत. त्याआधीच्या काळात, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवणाऱ्या टंकांत जे लिहिले गेले त्याची गत पाहावी. तो टंक यंत्रावर नसला, की सबंध लग्नपत्रिका परकी बाराखडी होऊन समोर येते.

पण दोन्ही रचना चालू ठेवल्याची किंमत आहेच. डोळ्याला सारखे दिसणारे दोन शब्द यंत्राच्या लेखी भिन्न असतात. कोशात दऱ्या शोधावे आणि सापडू नये, कारण कोशकाराने एका रीतीने टंकले आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या. हीच कथा ॲ या अक्षराची. २००८ पर्यंत त्याला स्वतंत्र स्थान नव्हते, म्हणून अ लिहून त्यावर चंद्र देत. त्या वर्षी स्थान मिळाले. जुन्या यंत्रांवर नव्या ॲ च्या जागी पुष्कळ दिवस रिकामी चौकट दिसे, आणि जुना जोडून केलेला ॲ अजूनही असंख्य मजकुरांत बसलेला आहे. एखाद्या शाळेच्या नोंदवहीत ॲड्र्यू किंवा ॲग्नेस नावाचे विद्यार्थी असले, की अकारविल्हे यादीत एक अ च्या घरात सापडतो आणि दुसरा भलतीकडे. ज्यांनी शोधयंत्रणा नीट बांधली ते शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एक करून घेतात. पोस्टातल्या आण्या-पैशांच्या त्या तक्त्यासारखे. हे काम वापरणाऱ्याने करावयाचे नाही. ते अवजारकर्त्याचे आहे.

दिलसुखनगरच्या त्या यंत्रशाळेपुरते बोलायचे तर तेथील शिक्षकांच्या हाती थोडेफार उपाय आहेत. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. तेव्हा सत्राच्या मध्यावर यंत्रे बदलण्याची निकड फारशी कधी नसते. एक यंत्र आधी बदलावे, वहीतील प्रत्येक आज्ञा त्यावर चालवून पाहावी, उत्तरे जुन्या यंत्राच्या उत्तरांशी ताडावीत. ज्या आज्ञा नाकारल्या जातील त्या सहज कळतील. ज्यांचे उत्तर मुकाट्याने बदलले त्या केवळ ताडूनच सापडतील. भागाकार आधी तपासावा. मग सुटीत बाकीची यंत्रे बदलावीत, आणि फळ्यावर जुनी आज्ञा व नवी आज्ञा शेजारी शेजारी लिहाव्यात. जुनी का होती, नवी का आली, हेही सांगावे. कारण तो मुलगा उद्या ज्या कचेरीत जाईल तेथील यंत्र कदाचित दहा वर्षांपूर्वीचे असेल, आणि त्यावर रात्री दोन वाजता चालणारी, कोणी लिहिली ते कोणालाच ठाऊक नसलेली एक यादी त्याला वाचावी लागेल.